लग्नात पोरांच्या हातात दिलेला इन्स्टंट कॅमेरा : सात महिन्यांनंतर (आणि तांदळाच्या एका कणीची गोष्ट)

स्पेक्स इथे मिळणार नाहीत, ते सगळीकडे आहेत. तो गुबगुबीत, खेळण्यासारखा दिसणारा, पत्त्यापेक्षा लहान फोटो बाहेर टाकणारा कॅमेरा, तोच. आमचा फिकट जांभळा, कारण त्या रंगावर २०० रुपये कमी होते. मी हा स्वतःसाठी घेतलेला नाही, मे महिन्यात अकोल्याला धाकट्या बहिणीचं लग्न होतं तिथे पोरांना गुंतवायला घेतला, त्यामुळे रिव्ह्यू पण त्याच अंगाने वाचा. हौशी फोटोग्राफरनी पुढे गेलात तरी चालेल.

झालं असं की कार्यालयवाल्याने 'किड्स झोन' म्हणून १८,००० सांगितले होते. चार तास, जंपिंगचा मिकीमाऊस, टॅटूवाली, फुगेवाला आणि माइकवर ओरडणारी एक ताई. आता हा मिकीमाऊस मी आदल्या वर्षी चुलतभावाच्या लग्नात बघितलाय. अकोल्याचा मे, बाहेर ४४, ते रबर असं तापतं की पोरं पाच मिनिटांत तळपाय धरून खाली आणि मग तासभर स्टेजखाली वायरींशी खेळत बसली. १८,००० देऊन वायरी कोण खेळायला देतं? म्हणून मी हिशोब मांडला. कॅमेरा ६,४९९. फिल्म, २० फोटोंचं पाकीट ९५० ला, अशी चार, म्हणजे ३,८००. एकूण १०,२९९ आणि कॅमेरा आपला आपल्याकडे राहतो. घरात सगळे म्हणाले पोरं तासाभरात मोडतील. मोडला नाही, पण जे झालं ते सांगतोच.

पोरं २३, वय ४ ते १३. प्रत्येकाला तीन फोटो, ६९ झाले, ११ शिल्लक. सहाच्या खालच्यांना एकेक मोठा जोडीदार. आणि नुसता कॅमेरा दिला नाही, प्रत्येकाला चिठ्ठी दिली, त्यावर काय टिपायचं ते लिहिलेलं. लग्नातला सगळ्यात म्हातारा माणूस. रुखवतातली सगळ्यात विचित्र वस्तू. मठ्ठ्याची मिशी. नथ सारखी करणारी बाई. घामाने फेटा काढून बसलेला माणूस (हे सोपं होतं, निम्मा मांडव तसाच होता). मामा नवरदेवाचा कान पिळताना, हे मी मुद्दाम घातलं होतं कारण नवरीचा भाऊ मीच. ही चिठ्ठीची आयडिया मोठ्या ताईच्या आठ वर्षांच्या मुलीची, श्रेय तिचं. एरवी आपल्याकडे लग्नात पोरांना काम म्हणजे एकीने करवली म्हणून करा धरायचा, दोघांनी अक्षता वाटायच्या आणि बाकीच्यांनी 'ए तिकडे खेळा' ऐकायचं.

पहिली गंमत काळ्या कार्डाची. नवीन फिल्म घातली की पहिल्यांदा आतलं काळं झाकण बाहेर येतं, हे मला माहीत, पोरांना नाही. ते बाहेर आलं आणि ज्याचा नंबर होता त्याने भोकाड पसरलं, की माझा फोटो जळला. समजावून सांगितल्यावर त्याच काळ्या कार्डासाठी मारामारी. एकाने ते खिशात ठेवलं आणि दिवसभर सगळ्यांना दाखवत होता, हा रात्रीचा फोटो आहे म्हणून.

दुसरं, फोटो हलवू नका हे मी किमान चाळीस वेळा ओरडलो. हलवून काही लवकर उमटत नाही, दीड मिनिट लागायचं ते लागतंच, पण पोरं कसली ऐकतात, आणि पोरांपेक्षा मोठे जास्त हलवतात. आमच्या आजीने मात्र पहिला फोटो सरळ पदराखाली धरला, अंड्यावर कोंबडी बसावी तशी, आणि दीड मिनिट कुणाला बघू दिला नाही. मग काय, दहा-बारा पोरं फोटो काढून पळत आजीकडे. त्या उन्हात फोटो सगळे जरा लालसर-पिवळटच येत होते. फिल्मला ४० डिग्रीपर्यंतच चालतं, अकोल्याला हे कोण सांगणार. पण आजीला वाटत होतं तिच्याकडे आलेले जास्त चांगले उमटतात आणि आम्ही कुणी तिला दुरुस्त केलं नाही.

फ्लॅश बंद करता येत नाही, ही खोड. आणि तो पोचतो फार तर पावणेतीन मीटर. त्यामुळे गर्दीच्या मागून काढलेले अंतरपाटाचे सगळे फोटो काळोख, आणि ते कळल्यावर पोरं बोहल्याजवळ घुसायला लागली. मग आपला पैसे देऊन बोलावलेला फोटोग्राफर माझ्याकडे आला, दादा तुमची पोरं माझ्या फ्रेममध्ये येतायत. त्याचं बरोबर होतं. पण त्याच्या अल्बममध्ये अडीचशे फोटोंत सगळे एकच हसतायत, आणि पोरांच्या सत्तरात शुगरवाले काका मांडवाच्या खांबाआड तिसरी जिलबी खाताना आहेत. पोरांची उंची कमरेएवढी, त्यामुळे जिलबीचं ताट बरोबर मध्ये आलंय. काकूंनी तो फोटो फ्रिजवर मॅग्नेटने लावलाय. काका आता फ्रिज उघडायला जात नाहीत, पाणी मागून घेतात.

आता मुख्य तक्रार. मागचं झाकण.

हे झाकण उघडायला लहान पोराच्या अंगठ्याचा जोर पुरतो, कसलंही लॉक नाही, आणि एकदा उघडलं की आतली फिल्म उजेडाने गेली. ज्या वस्तूचा रंगच पोरांकडे बघून ठरवलाय तिला लॉक नको? मंगलाष्टकं चालू असताना माझ्या सहा वर्षांच्या भाच्याने, फोटो आत कुठून येतो ते बघायला, झाकण उघडलं, बघितलं आणि गुपचूप बंद केलं. कुणाला बोलला नाही. आत सात फिल्म होत्या. सातच्या सात पांढऱ्याफटक आल्या, शेवटच्या दोनांत कडेला काहीतरी सावली. ४७ रुपये ५० पैसे गुणिले सात, ३३२ रुपये ५० पैसे. पैशाचं एक वेळ सोडा (सोडत नाहीये), पण त्या सातांत मी नवरदेवाचा कान पिळतानाचा होता. लाजाहोमाच्या वेळी मी चांगला दोन बोटांत धरून पिळला होता, जावई ओरडला होता, सगळे हसले होते, आणि फोटोत दूध सांडल्यासारखं. फोटोग्राफरकडे बघितलं तर त्याच्याकडे माझी पाठ.

त्यानंतर मी झाकणावर लाल टेप मारली. हे लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

घरी आल्यावर सगळे फोटो टेबलावर मांडले तर दिसलं की मंगलाष्टकांनंतरच्या प्रत्येकावर उजवीकडे वरच्या बाजूला एक पांढरा ठिपका. प्रत्येकावर, तिथेच, ज्वारीएवढा. बहिणीच्या पाठवणीच्या फोटोवर तर नेमका वडिलांच्या कपाळावर. पुण्यात सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरच्या मुलाने कॅमेरा हातात घेतला आणि पहिला प्रश्न, ही टेप कशाला? मी झाकणाचं सांगितलं. म्हणाला टेप लावली म्हणजे छेडछाड, वॉरंटी जाते. मी म्हटलं टेप बाहेर आहे, ठिपका आत आहे. तो म्हणाला मॅनेजरशी बोला, मॅनेजर जेवायला गेलेले. तपासणीचे ५९० घेतले आणि चार दिवसांनी फोन, आत 'बाहेरची वस्तू' आहे, रोलरचा अख्खा भाग बदलावा लागेल, २,८००. कसली वस्तू विचारलं तर ते सांगता येणार नाही म्हणे. अर्ध्या कॅमेऱ्याचे पैसे द्यायचे आणि वस्तूचं नाव पण नाही! मी उचलून घरी आणला आणि त्याच रात्री रागाने दोन स्टार लिहून ठेवले.

(इथपर्यंत जुलैत लिहिलं होतं. पुढचं आत्ता, डिसेंबरात.)

आमच्या गल्लीत एक घड्याळवाले काका आहेत. सेल बदलायला गेलो तेव्हा सहज विचारलं. त्यांनी कॅमेऱ्याचं झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं, फिल्म बाहेर ढकलणारे ते दोन बारीक रोलर बोटाने फिरवले आणि चिमट्याने काहीतरी काढलं. तांदळाची कणी. लाल. अक्षता. भाच्याने झाकण उघडलं तेव्हा वरून पडली असणार, मग फिल्ममधल्या त्या रसायनात चिकटून रोलरवर वाळली आणि प्रत्येक फोटोवरून फिरत राहिली. काकांनी ओल्या बोळ्याने रोलर पुसले, ६० रुपये घेतले आणि ती कणी कागदाच्या पुडीत बांधून दिली, लग्नातली आहे, टाकू नका म्हणाले. ५९० वाल्यांना जी वस्तू सांगता येत नव्हती ती माझ्याकडे पुडीत आहे. कुणाला रोलरचा ठिपका येत असेल तर आधी झाकण उघडून बोळ्याने पुसा, मात्र आतली फिल्म संपल्यावरच.

आषाढी ते कार्तिकी मुहूर्त नाहीत, कॅमेरा कपाटात. उरलेली फिल्म फ्रिजमध्ये ठेवली आणि त्यावर घरात बोलणी खाल्ली, कारण ती लोण्याच्या कप्प्यात होती. ठिपकेवाले फोटो भाचीने मागून नेले. दिवाळीत बघतो तर तिने जेलपेनने प्रत्येक ठिपक्याचं काहीतरी करून टाकलंय. एकाचा फुगा, एकाचा चंद्र, आणि वडिलांच्या कपाळावर गंध. वडिलांना पाठवणीचा तो फोटो बघवत नव्हता, आता पाकिटात घेऊन फिरतात.

मग तुळशीचं लग्न. सोसायटीत पोरांनीच लावलं, अंतरपाटाला माझा टॉवेल, बाळकृष्ण शेजारच्या आजींचा. उरलेल्यातली दहाची फिल्म मी घातली, टेप मारली, आणि कॅमेरा झाकण उघडणाऱ्या त्याच भाच्याकडे दिला. सगळे नको म्हणत होते. पण ३३२ रुपये ५० पैशांचा धडा त्यालाच मिळालाय, दुसऱ्याला नव्याने कशाला द्यायचा. पठ्ठ्याने झाकणावरून अंगठा हलू दिला नाही. आणि मंगलाष्टकं झाल्यावर मला हाक मारली, मामा, तुळस तुमच्याकडची ना, मग कान पिळ. बाळकृष्णाचा कान तो केवढा, मुगाएवढा. दोन बोटांत येईना, मी नखाने धरला. फोटो आला. ठिपका नाही. जवळून काढल्यामुळे माझं डोकं कापलंय, डोळा लावायच्या खिडकीतून दिसतं त्यापेक्षा फोटो जरा सरकतो, ही पण खोडच.

तर आता चार स्टार. एक झाकणाचा कापला, तो परत मिळणार नाही. सर्व्हिस सेंटरला शून्य. फिल्म महागच आहे, त्यामुळे 'काढा किती काढायचे ते' म्हणून कॅमेरा मांडवात ठेवू नका, मोठी माणसंच सेल्फी काढून संपवतात. माणशी तीन आणि चिठ्ठी. सेल नवे घाला, एक जोडी जादा ठेवा. टेप लग्नाआधी मारा, नंतर नको.

फेब्रुवारीत मावसभावाच्या मुलाची मुंज आहे, मावशीचा फोन आला होता, तो जांभळा कॅमेरा घेऊन ये. घेऊन येतो म्हटलं. फिल्म तुमची.