करून दाखवायचं की सांगून करून घ्यायचं?

योगवर्ग घ्यायला लागलं की पहिल्याच आठवड्यात हा पेच पडतो. सगळी आसनं स्वतः सोबत करावीत, की मॅट सोडून फिरत फक्त सूचना द्याव्यात?

सोबत करण्यात नवख्यांची सोय असते. सूर्यनमस्काराच्या 12 स्थिती शब्दांत सांगत बसलात तर गोंधळ उडतो, बघून लगेच कळतात. समोर तोंड करून उभे असाल तर मात्र आरसा व्हावं लागतं: तोंडाने 'उजवा पाय' म्हणायचं आणि टाकायचा आपला डावा. (मी अजूनही कधीकधी गडबडते.) शिवाय तुम्ही स्वतः अधोमुख श्वानासनात (हात-पाय जमिनीवर, कंबर वर, डोकं खाली) असताना मागच्या रांगेत काय चाललंय ते कळत नाही, आणि ती मंडळी तुम्हाला बघायच्या नादात मान वाकडी करून बसतात.

फिरायला लागलं की चुका दिसतात. वीरभद्रासनाच्या दुसऱ्या प्रकारात (पाय फाकवून, पुढचा गुडघा वाकवून, हात दोन्ही बाजूंना पसरून उभं राहायचं) पुढचा गुडघा आत कलतो, हे तर हमखास. तिथे 'नीट करा' म्हणून काहीच होत नाही. 'गुडघा पायाच्या करंगळीच्या दिशेने न्या' म्हटलं की तो जागेवर येतो. पण फिरणाऱ्या शिक्षकाला बडबडीची सवय लागते. शवासनात तरी गप्प बसावं!

माझा कल फिरण्याकडेच आहे. नवीन आसन एका बाजूने करून दाखवते, दुसरी बाजू आली की उठते. प्राणायामाला मात्र सगळ्यांसोबत बसते.