प्रॅमिपेक्सोल, लोह आणि प्रीगॅबालिन: रेस्टलेस लेग्जवरील तीन औषधांचे परीक्षण

रात्री अंथरुणाला पाठ टेकताच पोटऱ्यांच्या आत वळवळ सुरू होणे, पाय हलवल्यावाचून राहवत नसणे, उठून चार पावले टाकली की बरे वाटणे आणि आडवे होताच पुन्हा तेच, ही रेस्टलेस लेग्ज सिंड्रोमची ओळख आहे. पायांत गोळे येण्याशी त्याची नेहमी गल्लत होते. परंतु गोळा आला की पोटरी हाताला कडक लागते आणि नंतरही ठणका राहतो, तर इथे बाहेरून काहीच दिसत नाही आणि घरची माणसे पाय चेपून देऊन थकतात. या आजारावर मी घेतलेल्या तीन औषधांचे हे परीक्षण आहे. त्यांपैकी प्रॅमिपेक्सोलविषयी अधिक लिहिणार आहे, कारण गुण आणि उपद्रव या दोन्ही बाबतींत ते इतर दोहोंच्या पुढे आहे.

प्रॅमिपेक्सोल हे मुळात पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठीचे, मेंदूत डोपामिन या संदेशवाहक रसायनासारखे काम करणारे औषध. अमेरिकेत २००६ मध्ये रेस्टलेस लेग्जसाठीही त्याला मान्यता मिळाली आणि आपल्याकडेही न्यूरॉलॉजिस्ट ते लिहून देतात. सुरुवात ०.१२५ मिलिग्रॅमने, झोपण्याच्या दोन-तीन तास आधी करायची असते. पार्किन्सन्ससाठी लागणाऱ्या मात्रेच्या मानाने हे प्रमाण अगदीच किरकोळ आहे, आणि तरीही गुण पहिल्याच रात्री येतो. पुण्याहून नागपूरला जाणाऱ्या रात्रीच्या बसमध्ये, जिथे पूर्वी दर थांब्यावर खाली उतरून येरझाऱ्या घालाव्या लागत, तिथे मी सलग झोपले. सुरुवातीची मळमळ आणि एकदम उठल्यावर येणारी भोवळ यांचा त्रास काही आठवड्यांत कमी झाला. मळमळीवर औषध घ्यावे लागल्यास मात्र मेटोक्लोप्रामाइड टाळावे, कारण ते मेंदूतील डोपामिनच्या कामात अडथळा आणते आणि पायांची वळवळ वाढवते; डॉम्पेरिडोन मेंदूत फारसे पोहोचत नसल्याने त्या मानाने सुरक्षित ठरते. हे मला औषधाच्या दुकानदाराने सांगितले, ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे.

खरी अडचण पुढे येते आणि तिला डॉक्टर ऑग्मेंटेशन म्हणतात. पूर्वी रात्री दहानंतर सुरू होणारा त्रास हळूहळू संध्याकाळच्या चहाच्या वेळी, मग दुपारी उत्तरपत्रिका तपासत बसले असताना सुरू होऊ लागला. बसल्यावर अस्वस्थता यायला पूर्वी अर्धा तास लागत असे, तो अवधीही आखडला आणि पुढे दंडांतही तीच शिवशिव जाणवू लागली. आजार वाढला असे समजून माझ्या त्या वेळच्या डॉक्टरांनी प्रत्येक वेळी मात्रा वाढवली. दर वाढीनंतर थोडे दिवस बरे जात आणि मग घड्याळाचा काटा आणखी मागे सरकत असे. हा आजार बळावण्याचा नेहमीचा क्रम नसून औषधानेच ओढवलेला परिणाम असतो, आणि अशा वेळी मात्रा वाढवणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय. २०१४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत साधारण वर्षभरात ०.५ मिलिग्रॅम प्रॅमिपेक्सोल घेणाऱ्या ७.७ टक्के रुग्णांना ऑग्मेंटेशन झाले, तर प्रीगॅबालिन या वेगळ्या गटातील औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण २.१ टक्के होते. औषध वर्षानुवर्षे चालू राहिले की धोकाही वाढत जातो. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांत प्रॅमिपेक्सोल आणि त्याच गटातले रोपिनिरोल ही औषधे सरसकट वापरू नयेत असेच सुचवले आहे, आणि तरीही रुग्णाच्या हाती पहिली चिठ्ठी अनेकदा त्यांचीच पडते.

दुसरा दुष्परिणाम विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. या गटातील औषधांमुळे काही जणांना जुगार, खरेदी किंवा खाणे यांवर ताबा ठेवता येत नाही. माझ्या बाबतीत ते खरेदीवर निभावले: दिवाणाखाली न उघडलेली खोकी साठली, त्यांत एकाच मापाची इडलीपात्रे निघाली, आणि हे माझ्या नव्हे तर यजमानांच्या लक्षात आले. औषध सुरू करतानाच घरातल्या एका माणसाला ही शक्यता सांगून ठेवावी, कारण रुग्णाला स्वतःला त्यात काही वावगे वाटत नाही. वाहन चालवणाऱ्यांनी दिवसा अचानक येणाऱ्या झोपेचीही चौकशी करावी. आणि गोळी एकदम बंद करू नये. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच उतरवावी लागते, तरीही उतरवतानाच्या रात्री फार कठीण जातात.

आता लोहाविषयी, ज्यापासून खरे तर सुरुवात व्हायला हवी होती. मेंदूत डोपामिन तयार करणाऱ्या एन्झाइमला लोह लागते, म्हणून या आजारात हिमोग्लोबिनपेक्षा फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातील लोहवाहक प्रथिनाचा लोहाने भरलेला भाग) या चाचण्या महत्त्वाच्या ठरतात. माझे हिमोग्लोबिन १२.४ होते आणि फेरिटिन २२. प्रयोगशाळेने दोन्ही ‘नॉर्मल’च्या रकान्यात छापले होते, कारण तिथली किमान मर्यादा सर्वसाधारण लोकांसाठी असते, रेस्टलेस लेग्जमध्ये मात्र फेरिटिन ७५ किंवा त्याखाली, अथवा ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन २० टक्क्यांखाली असेल तर लोह देण्याचा विचार करतात. ज्या देशात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया ॲनिमिक आहेत, तिथे ही चाचणी पहिल्याच भेटीत का लिहून देत नाहीत, हे मला समजलेले नाही. लोहाच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठता झाली आणि शौचाला काळे होऊ लागले, पैकी दुसऱ्या गोष्टीने घाबरण्याचे कारण नसते. गोळी लिंबूपाण्याबरोबर घेणे आणि चहा तिच्यापासून दूर ठेवणे एवढे पथ्य मी पाळले, पण फेरिटिन हटून बसले. शेवटी दुसऱ्या न्यूरॉलॉजिस्टांच्या सल्ल्याने फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज हे लोहाचे औषध शिरेतून घेतले. तपकिरी रंगाची ती सलाइनची बाटली पाऊण तासात, नंतरच्या निरीक्षणासह, आटोपली. खर्च काही हजारांचा आला. सुई शिरेबाहेर सरकली तर त्वचेवर दीर्घकाळ टिकणारा तपकिरी डाग पडतो, म्हणून जळजळ होताच नर्सला सांगावे. रक्तातील फॉस्फेट उतरण्याचीही शक्यता असते. गुण यायला काही आठवडे लागले, पण आला तो टिकला.

प्रीगॅबालिन मी सध्या घेते, संध्याकाळी ७५ मिलिग्रॅम. प्रॅमिपेक्सोलसारखा पहिल्या रात्रीचा चमत्कार इथे नाही. सकाळी डोके जड राहते, बोलताना नेमका शब्द सापडत नाही, वजन वाढले आणि उन्हाळ्यात घोट्यांवर सूज येते. वर्गात शिकवताना शब्द अडतो तेव्हा ते चारचौघांत जाणवते. तरीही त्रासाची वेळ दिवसाकडे सरकण्याचा प्रकार नाही आणि खरेदीही थांबली आहे, त्यामुळे हा सौदा मला मान्य आहे. मूत्रपिंडाचे काम कमी असणाऱ्यांना मात्रा घटवावी लागते, म्हणून आधी क्रिएटिनिन तपासून घ्यावे. श्वसनाचे विकार असणाऱ्यांनी, तसेच झोपेच्या किंवा अफूवर्गीय वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांच्या कानावर घालावे. मद्य तर नकोच.

विकत घेताना पाकीट नीट वाचावे. आपल्या बाजारात प्रीगॅबालिन अनेकदा नॉर्ट्रिप्टिलिन या नैराश्यावरील औषधाबरोबर एकाच गोळीत मिळते, दुकानदार ‘तेच आहे’ म्हणून हातात ठेवतो, आणि नॉर्ट्रिप्टिलिनसारख्या औषधांनी पायांचा त्रास वाढू शकतो. सर्दीच्या गोळ्यांतील क्लोरफेनिरामिनचेही तसेच. पावसाळ्यात एक गोळी घेतली की ती रात्र येरझाऱ्यांत जाते. पायांना मसाज देणारे विजेचे यंत्र मी घेतले होते आणि ते चालू असेपर्यंत बरे वाटते, पुढे नाही. त्या पैशांत फेरिटिनच्या बऱ्याच चाचण्या झाल्या असत्या.