पॅनासोनिक डीव्हीडी-रॅम 4.7 जीबी : अर्ध्यावर थांबवलेल्या स्फटिकाची चकती

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून 2006 साली घेतलेली, प्लास्टिकच्या कवचात येणारी ही डीव्हीडी-रॅम, म्हणजे पुन्हा पुन्हा लिहिता-पुसता येणारी चकती, मी नुकतीच कपाटातून बाहेर काढली. घेतल्यापुढची पाच-सहा वर्षे मी तिच्यावर रोजच्या कामाच्या फाइली लिहीत, पुसत आणि पुन्हा लिहीत असे. त्यानंतर ती तशीच पडून होती. जुन्या चेकसमच्या (फाइल जशीच्या तशी आहे का हे पडताळणाऱ्या आकड्यांच्या) यादीशी ताडून पाहिले असता एकही फाइल बिघडलेली आढळली नाही. त्याच कपाटातल्या, एकदाच लिहिता येणाऱ्या इतर तीन डीव्हीडी मात्र ड्राइव्हने ओळखल्यासुद्धा नाहीत. एका चकतीवरून सर्व चकत्यांविषयी मत बनवणे योग्य नव्हे, हे मान्य. तरीही या टिकाऊपणाची काही कारणे तिच्या अणुरचनेत सापडतात.

एकदाच लिहिल्या जाणाऱ्या डीव्हीडीत लेसर सेंद्रिय रंगद्रव्याचा थर कायमचा बदलून टाकतो. डीव्हीडी-रॅममध्ये जर्मेनियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांच्या संयुगाचा, काही नॅनोमीटर जाडीचा थर असतो आणि त्यातले द्रव्य तेच राहून फक्त अणूंची मांडणी बदलते. 650 नॅनोमीटर तरंगलांबीच्या लेसरचा तीव्र स्पंद पडला की थराचा इवलासा ठिपका 600 अंश सेल्सियसच्या वर जाऊन वितळतो आणि काही नॅनोसेकंदांतच इतका झपाट्याने थंड होतो की अणूंना रांगेत बसायला वेळच मिळत नाही; तो ठिपका काचेसारखा अस्फटिक राहतो आणि प्रकाश कमी परावर्तित करतो. मध्यम शक्तीचा लेसर त्याच ठिपक्याला न वितळवता तापवतो आणि पुन्हा स्फटिक बनवतो. वाचण्यासाठी मंद प्रकाश पुरतो. विद्युत्‌प्रवाहाने अशा पदार्थांची अवस्था मागे-पुढे बदलता येते, हे स्टॅनफर्ड ओव्हशिन्स्की यांनी 1968 मध्ये दाखवले होते. चकतीला योग्य असे वेगवान संयुग मात्र मात्सुशिता (पॅनासोनिकचे जुने नाव) कंपनीतील नोबोरू यामादा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून पुढे आले.

खरी गंमत स्फटिकाच्या प्रकारात आहे. या कुळातले सर्वाधिक अभ्यासलेले संयुग म्हणजे दोन भाग जर्मेनियम, दोन भाग अँटिमनी आणि पाच भाग टेल्युरियम. त्याचे स्थिर रूप षट्कोनी आणि थरांचे असते : अणूंचे नऊ पापुद्रे एकावर एक येतात, दोन्ही टोकांना टेल्युरियम असते, आणि असे दोन गठ्ठे एकमेकांना अभ्रकाच्या पापुद्र्यांसारखे केवळ क्षीण बलांनी धरून राहतात. चकतीवर मात्र हे रूप येतच नाही. तिथे मिठासारखी घनाकार रचना तयार होते, जिच्यात निम्म्या जागा टेल्युरियमकडे असतात आणि उरलेल्या निम्म्या जागांवर जर्मेनियम व अँटिमनीचे अणू विस्कळीतपणे बसतात. पाच टेल्युरियमच्या समोर चारच अणू असल्यामुळे या जागांपैकी दर पाचांतली एक रिकामी राहते. पुढे बराच वेळ अधिक उष्णता मिळाली, तर या रिकाम्या जागा एका प्रतलात गोळा होतात आणि तिथेच थरांमधली फट पडते. लेसर तेवढी सवड देत नाही. अस्फटिक अवस्थेतून या साध्या घनाकार रूपात येण्यासाठी अणूंना फार हलावे लागत नाही, म्हणून पुसणे वेगाने होते आणि सुमारे एक लाख वेळा पुनर्लेखनाचा दावा शक्य होतो. ही चकती अपुऱ्या राहिलेल्या स्फटिकावर चालते, असे म्हणता येईल.

जे रूप चकतीने टाळले, तेच पुढे संशोधकांनी मुद्दाम वापरून पाहिले. जपानमधील त्सुकुबा येथे 2011 मध्ये जर्मेनियम टेल्युराइड आणि अँटिमनी टेल्युराइड यांचे आलटून-पालटून रचलेले थर कमी ऊर्जेत अवस्था बदलतात, असे दाखवण्यात आले. नंतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहिल्यावर हे थर एकमेकांत मिसळून गेल्याचे दिसले. कागदावरची नीटस रचना अणूंनी फारशी मनावर घेतलेली नव्हती.

वापराविषयी सांगायचे, तर ही चकती फ्लॉपीसारखी हाताळता येते. फाइल ओढून टाकायची, वेगळ्या बर्निंग सॉफ्टवेअरची गरज नाही. पृष्ठभाग प्रकाशात तिरका धरला की विभागांच्या आखीव खुणा दिसतात, आणि ते पाहायला मला अजूनही आवडते. वेगाबाबत मात्र संयम हवा : लिहिलेला प्रत्येक भाग ड्राइव्ह परत वाचून पडताळतो, त्यामुळे डीव्हीडीच्या मूळ वेगाच्या तिप्पट वेगाची चकती पूर्ण भरायला जवळजवळ 40 मिनिटे लागतात. मोठे व्हिडिओ साठवणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये. घरच्या साध्या डीव्हीडी प्लेअरवर ती बहुधा चालत नाही. मोजकी कागदपत्रे, हिशेब आणि निवडक छायाचित्रे वर्षानुवर्षे जपून ठेवू पाहणाऱ्यांना मी ती निःसंकोच सुचवीन, फक्त डीव्हीडी-रॅमचे चिन्ह असलेला ड्राइव्ह हाताशी हवा. जुन्या साठ्यातली चकती घेताना कवचाचा प्रकार तपासावा. पहिल्या प्रकारच्या कवचातून चकती काढता येत नाही आणि आजच्या ड्राइव्हच्या ट्रेमध्ये कवच बसत नाही.