घरच्या थिएटरसाठी सबवूफर: एक मोठा पोर्टेड की दोन लहान सील्ड?

सबवूफर (थोडक्यात सब, म्हणजे फक्त खालचा बेस वाजवणारा स्पीकर) घ्यायचं ठरलं की पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात: किती इंची आणि किती वॉट? माझ्या मते हे दोन्ही प्रश्न नंतरचे. आधी खोली बघा. दार लावलं की पूर्ण बंद होणारी खोली आहे, की हॉल-डायनिंग-पॅसेज सगळं एकमेकांत मोकळं आहे? या एका उत्तरावर निम्म्याहून जास्त निवड ठरते. त्यातून आपली बांधकामं वेगळी. इंटरनेटवरचे बहुतेक रिव्ह्यू अमेरिकेतल्या घरांमध्ये बसून लिहिलेले असतात. तिथे लाकडी सांगाडा आणि त्यावर जिप्समचे बोर्ड. अशी भिंत थोडा बेस शोषते, थोडा पलीकडे सोडते. विटांची किंवा काँक्रीटची भिंत तो बराचसा परत खोलीतच फेकते. म्हणजे पुण्या-ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये तोच सब जास्त दणकट वाजतो आणि जास्त घुमतोही. ‘बारा इंची पुरणार नाही, पंधरा घ्या’ हा सल्ला तिथल्या मोठ्या तळघरासाठी बरोबर असेल. अकरा बाय चौदाच्या बेडरूमला तो लागू पडत नाही.

सील्ड आणि पोर्टेड

सील्ड म्हणजे चारी बाजूंनी बंद पेटी. पोर्टेडच्या पेटीला एक नळी असते आणि ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या आसपास बेस मुख्यतः त्या नळीतून येतो. तिथे कोन (स्पीकरचा पुढे-मागे हलणारा पडदा) फारसा हलत नाही, तरी आवाज मोठा मिळतो. खाली जाताना दोघांचा स्वभाव वेगळा दिसतो. सील्ड सब हळूहळू उतरतो, दर ऑक्टेव्हला (म्हणजे फ्रिक्वेन्सी निम्मी होताना) साधारण १२ डेसिबल. पोर्टेड आपल्या ट्यूनिंगपर्यंत, म्हणजे नळीच्या त्या ठरावीक फ्रिक्वेन्सीपर्यंत, जोरात वाजतो आणि त्याखाली २४ डेसिबलच्या उताराने कोसळतो.

तुलनेसाठी एकाच कंपनीची एकाच वर्गातली जोडी घेऊ: एसव्हीएसचे एसबी-१००० प्रो आणि पीबी-१००० प्रो. दोघांत १२ इंची ड्रायव्हर (पेटीतला कोन असलेला मूळ स्पीकर), दोघांत ३२५ वॉटचा ॲम्प. कंपनीच्या आकड्यांनुसार सील्ड २० हर्ट्झपर्यंत जातो, पोर्टेड १७ पर्यंत. कागदावर फरक तीन हर्ट्झचा, पण खरा फरक ताकदीचा आहे. २०-२५ हर्ट्झला पोर्टेड तेवढ्याच वॉटमध्ये बराच मोठा वाजतो. त्याची किंमत जागेत मोजावी लागते. सील्ड हा जेमतेम सव्वा फुटाचा ठोकळा, सोफ्याशेजारी कोपऱ्यातल्या टेबलासारखा मावतो. पोर्टेड दीड फुटापेक्षा उंच आणि सुमारे २० इंच खोल. तो बसवायचा तर आधी घरातल्या सगळ्यांशी बोलून घ्यावं लागतं.

‘सील्ड संगीतासाठी, पोर्टेड सिनेमासाठी’ हे वाक्य दुकानात हमखास ऐकू येतं. मला ते अर्धवट वाटतं. पियानोची सगळ्यांत खालची पट्टी २७.५ हर्ट्झ, चार तारांच्या बेस गिटारची सगळ्यांत खालची तार ४१. डग्ग्याचा घुमारा, पखवाज, ढोल ही सगळी मंडळी २० हर्ट्झच्या बरीच वर वाजतात आणि चांगल्या बनावटीचा पोर्टेड सबही तो भाग स्वच्छ वाजवतो. ठोका मारल्यावर बेस रेंगाळतो त्याचं कारण नव्वद टक्के वेळा खोली असते, पेटी नसते. स्वस्त पोर्टेडची गोष्ट निराळी. लहान पेटी, बारीक नळी, जोर लावला की नळीतून फुसफुस ऐकू येते आणि एकाच सुरात सगळं वाजतं. म्हणून बजेट अगदी कमी असेल तर स्वस्त पोर्टेडपेक्षा साधा सील्ड बरा.

आता खोली यात कशी येते ते पाहा. खोलीच्या मापानुसार काही फ्रिक्वेन्सी भिंतींमध्ये अडकून घुमतात, त्यांना रेझोनन्स म्हणतात. बंद खोलीत सगळ्यांत खालच्या रेझोनन्सच्या खाली गेलं की खोली स्वतःच बेस वाढवायला लागते. १४ फूट लांबीच्या खोलीत हे साधारण ४० हर्ट्झपासून सुरू होतं. सील्ड सब तिथेच उतरायला लागलेला असतो. खोली वर उचलते, सब खाली उतरतो, आणि दोन्ही मिळून २० हर्ट्झपर्यंत बऱ्यापैकी सपाट बेस मिळतो. पोर्टेड त्याच खोलीत ठेवला तर २०-३० हर्ट्झचा भाग फुगतो आणि ईक्यूने (ठरावीक फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करणाऱ्या सेटिंगने) तो खाली आणावा लागतो. म्हणजे पैसे देऊन घेतलेली ताकद दाबून टाकायची.

मोकळ्या हॉलचं गणित उलटं. हॉल आणि डायनिंग मिळून लांबी २४ फूट धरली तर सगळ्यांत खालचा रेझोनन्स २३-२४ हर्ट्झला येतो. पॅसेज आणि स्वयंपाकघर उघडं, बाल्कनीचं सरकतं दार अर्धं उघडं. खोलीकडून फुकटची मदत जवळजवळ नाही. इथे लहान सील्ड सब बिचारा धापा टाकतो. हॉलसाठी मी डोळे मिटून पोर्टेड सुचवेन.

एक की दोन

हा प्रश्न सील्ड-पोर्टेडपेक्षा मोठा आहे, आणि दुकानदार सहसा तो काढतच नाहीत.

१४ फूट लांब, ११ फूट रुंद, साडेनऊ फूट उंच खोली घ्या. तिच्या लांबीचा पहिला रेझोनन्स ४० हर्ट्झला, रुंदीचा ५१ ला, उंचीचा ५९ ला. लांबीच्या बरोबर मध्यावर, म्हणजे सात फुटांवर बसलात तर ४० हर्ट्झ जवळजवळ गायब. मागच्या भिंतीला टेकून बसलात तर तोच ४० हर्ट्झ छातीवर आदळतो. स्फोट तोच, सब तोच, पण सोफ्यावरच्या माणसाला ‘बेसच नाही’ आणि मागच्या दिवाणावरच्याला ‘फारच आहे’. वॉट वाढवून यात काडीचाही फरक पडत नाही, खड्डा खड्डाच राहतो. ईक्यूने उंचवटा कापता येतो, खड्डा भरता येत नाही. भरायला गेलात तर ॲम्प नुसता दमतो.

दुसरा सब इथे कामाला येतो. एक समोरच्या भिंतीच्या मध्यावर, दुसरा मागच्या भिंतीच्या मध्यावर. दोघे एकाच वेळी ढकलतात तेव्हा लांबीचा पहिला रेझोनन्स परस्परविरोधी होऊन मिटतो. दोघेही रुंदीच्या मध्यावर असल्यामुळे रुंदीचा पहिला रेझोनन्स मुळात जागाच होत नाही. राहतो तो उंचीचा, आणि वरचे बारीकसारीक. दोन केबल ओढून जेवढा फरक पडतो तेवढा दुप्पट महागड्या एकट्या सबने पडत नाही. हार्मनच्या टॉड वेल्टी यांनी २००२ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे ‘किती सबवूफर पुरेत’ याच विषयावर निबंध मांडला होता. चौकोनी खोलीत समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावरचे दोन सब खूप काही साधून देतात, आणि चारच्या पुढे वाढवण्यात फारसा अर्थ नाही, असा त्याचा सारांश.

मागे वायर न्यायला जागा नसेल तर बरेच जण दोन्ही सब टीव्हीच्या डाव्या-उजव्या बाजूला ठेवतात. दिसायला छान, पण त्याने फक्त रुंदीचा रेझोनन्स सुधारतो, लांबीचा तसाच. सोफा मध्यावर असेल तर ४० हर्ट्झचा खड्डा कायम. त्यापेक्षा फर्निचरचं काम चालू असतानाच स्कर्टिंगच्या मागून एक पाइप टाकून घ्या.

आवाजही वाढतो. ॲम्पचे वॉट दुप्पट केले तर ३ डेसिबल मिळतात, सारखाच दुसरा सब जोडला तर अगदी खालच्या बेसमध्ये ६ डेसिबलपर्यंत. म्हणून एका मोठ्या सबचं बजेट असेल आणि खोली बंद असेल तर माझं मत स्पष्ट आहे: दोन लहान सील्ड.

एकट्या सबची बाजू कुठे वरचढ ठरते? जिथे ऐकणारा एकच आणि खुर्ची एकच. तिथे जागा शोधून एक चांगला सब लावला की काम होतं. जागा शोधायची रीत सोपी: सब उचलून सोफ्यावर ठेवा, बेसची एक ओळ सतत वाजवा आणि जमिनीलगत डोकं नेत भिंतीच्या कडेने फिरा. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतात तिथे सब ठेवा. कोपऱ्यात तो सगळ्यांत मोठा वाजतो आणि तिथेच सगळे रेझोनन्स जागे होतात, हे लक्षात असू द्या.

किती ताकद खरंच लागते

सिनेमाचा संदर्भ-आवाज (थिएटरसाठी ठरवलेली पातळी) धरला तर एलएफई, म्हणजे सिनेमातल्या खास बेसच्या, चॅनेलचे शिखर ११५ डेसिबलपर्यंत जाते. आकडा ऐकून माणूस घाबरतो आणि पंधरा इंचीकडे वळतो. पण फ्लॅटमध्ये त्या पातळीवर कोण बघतं? एव्हीआरचा (सगळे स्पीकर जोडतो तो रिसीव्हर-ॲम्प) व्हॉल्यूम उणे २० च्या आसपास असतो, म्हणजे शिखर ९५ च्या घरात. बंद बेडरूममध्ये हे काम दोन लहान सील्ड हसत करतात. मात्र कमी आवाजात कानाला बेस आणखी कमी ऐकू येतो, म्हणून सबची पातळी दोन-चार डेसिबल वर ठेवली तर गैर नाही.

इंचांबद्दल एवढंच: तोच आवाज ४० ऐवजी २० हर्ट्झला काढायचा तर चौपट हवा हलवावी लागते. आठ इंची सबच्या खोक्यावर ‘२० हर्ट्झ’ छापलेलं दिसलं तर तो किती मोठ्याने वाजतो हे विचारा.

खालच्या मजल्यावरचे काका

शेजाऱ्यांचा प्रश्न मी शेवटी ढकलणार नाही, कारण त्यानेही निवड बदलते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. ते मोजमाप ‘ए’ पद्धतीचं, आणि त्यात ३१.५ हर्ट्झचा आवाज ३९ डेसिबलने कमी धरला जातो. म्हणजे मीटरवर काही दिसणार नाही, पण खालच्या घरात झोपलेल्या बाळाच्या पाळण्याला कंप जाणवेल. नियमात बसतंय एवढ्यावर शेजारधर्म पुरा होत नाही.

सबखाली रबराचे किंवा फोमचे पॅड ठेवल्याने पेटीची थरथर फरशीत उतरणं कमी होतं. हवेतून जाणारा बेस त्याने थांबत नाही. खरा उपाय म्हणजे सब सोफ्याच्या अगदी जवळ ठेवून एकूण पातळी खाली आणणं. मागच्या भिंतीजवळचा दुसरा सब इथेही उपयोगी पडतो. एव्हीआरमध्ये रात्रीसाठी डायनॅमिक रेंज कमी करण्याची सोय असते, दहानंतर ती चालू करा. जुन्या सोसायटीत, पातळ स्लॅबवर राहत असाल तर हॉलसाठीही मोठा पोर्टेड घेण्याआधी दोनदा विचार करा.

आणि स्वतःच्या घरातली खडखड. सब आला की २० ते ८० हर्ट्झचा स्वीप (खालून वर सरकत जाणारा सूर) हळूहळू वाजवा आणि घरभर फिरा. ३५ च्या आसपास लोखंडी कपाटाचं दार बोलायला लागेल, ५० ला शोकेसची काच, मध्येच खिडकीच्या ग्रिलचा एखादा सैल स्क्रू. फॉल्स सीलिंगमधल्या दिव्यांच्या रिंगा सगळ्यांत त्रासदायक. फेल्टचे तुकडे आणि डबल टेप घेऊन तासाभरात हे सगळं गप्प करता येतं. बऱ्याच वेळा ‘सब फाटतोय’ म्हणून आलेली तक्रार कपाटाच्या दाराची निघते.

एव्हीआर आणि जोडणी

दोन सब घ्यायचे तर एव्हीआरच्या मागे नीट बघा. स्वस्त मॉडेलवर सबची दोन आउटपुट असली तरी दोन्हींतून एकच सिग्नल जातो, प्रत्येकाचं सोफ्यापासूनचं अंतर वेगळं लावता येत नाही. डेनॉन एव्हीआर-एक्स३८००एच सारख्यावर चार स्वतंत्र आउटपुट मिळतात. मधला मार्ग म्हणजे मिनीडीएसपीची छोटी पेटी (प्रत्येक सबचा सिग्नल वेगळा जुळवणारी), यूएसबी मापन-माइक आणि आरईडब्ल्यू हे खोलीतला आवाज मोजणारं फुकट सॉफ्टवेअर. सब समोर-मागे बरोबर मध्यावर आणि सोफाही मध्याच्या आसपास असेल तर समान सिग्नलनेही छान भागतं.

क्रॉसओव्हर (ज्या फ्रिक्वेन्सीखालचा आवाज सबकडे जातो ती) ८० हर्ट्झपासून सुरुवात करा, त्याखाली आवाज कुठून येतो हे कानाला कळत नाही. एव्हीआरमध्ये सगळे स्पीकर ‘स्मॉल’ (म्हणजे त्यांचा खालचा बेस सबकडे), सबवरचं क्रॉसओव्हरचं बटण शेवटपर्यंत उघडं. दोन्हीकडे क्रॉसओव्हर लावला तर बेस मधेच पातळ होतो.

खोली बंद असेल पण आज बजेट एकाचंच असेल तर एक सील्ड घ्या आणि वर्षभराने तेच मॉडेल दुसरं घ्या. वेगवेगळ्या जातीची जोडी जुळवणं अवघड असतं. साउंडबारसोबत आलेला वायरलेस सब मात्र या हिशोबात धरू नका, तो बहुतेक वेळा त्याच्या बारशिवाय कशालाच जोडता येत नाही.

अमेरिकेतल्या भावाकडून मागवायचा विचार असेल तर मागच्या पाटीवर १२० व्होल्ट लिहिलंय की २३० पर्यंत चालतो, हे फोटो मागवून आधी बघा. कित्येक पोर्टेड सब २३ किलोच्या बॅगेत बसतच नाहीत. आणि बिघाड झाला तर वॉरंटी इथे चालेल का, हे विचारल्याशिवाय पैसे पाठवू नका.