टीव्हीचं चित्र सुधारायचंय: मोड बदलायचा, पॅटर्न लावायचे, मीटर घ्यायचा की तज्ज्ञाला बोलवायचं?

आधी निकाल सांगतो, कारणं मागून. घरात साधा एलईडी टीव्ही असेल तर पिक्चर मोड बदला, रंगाचं तापमान 'वॉर्म'वर आणा आणि एका रात्री अर्धा तास काढून टेस्ट पॅटर्न (सेटिंग तपासायला बनवलेली ठरावीक चित्रं) लावून बघा. याच्यापुढे पैसे घालू नका. ओएलईडी किंवा प्रोजेक्टर असेल, सिनेमा दिवे मालवून बघायची सवय असेल आणि माणसांच्या चेहऱ्यांवरची हिरवट छटा सतत खुपत असेल, तरच मीटर (पडद्याचे रंग मोजणारं यंत्र) किंवा तज्ज्ञ यांचा विचार करा.

या सगळ्या जुळवाजुळवीला कॅलिब्रेशन म्हणतात. कॅलिब्रेशन म्हणजे चित्र भडक किंवा 'एकदम क्लिअर' करणं नव्हे. एचडी कार्यक्रम ज्या मॉनिटरवर बघून पक्का केला जातो, त्याची मापं ठरलेली आहेत. रंगांसाठी रेक ७०९ नावाचं मानक, पांढऱ्यासाठी डी६५ म्हणजे साधारण ६५०० केल्व्हिन, आणि अंधाऱ्या खोलीत पांढऱ्याचा उजेड १०० निट्सच्या (उजेड मोजायचं एकक) आसपास. आपला टीव्ही या मापांच्या जितका जवळ, तितकं मूळ चित्र आपल्यापर्यंत पोचतं. दुकानात मात्र शेजारच्या टीव्हीपेक्षा उठून दिसायचं असतं. म्हणून 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' मोडमध्ये पांढरा मुद्दाम निळ्याकडे झुकवतात. पांढऱ्या कपड्यांना नीळ घालावी तसा. कसोटी सामना लावून बघा. खेळाडूंचे कपडे निळसर, मैदान पोपटी, खेळपट्टी शेंदरी. नवा टीव्ही भिंतीवर लावून द्यायला येणारा माणूसही बहुतेक वेळा हाच मोड ठेवून जातो.

मोड बदलणं

रिमोट घेऊन 'सिनेमा', 'मूव्ही' किंवा 'फिल्ममेकर' मोड निवडायचा. पाच मिनिटांचं काम, खर्च शून्य, आणि एकूण सुधारणेचा मोठा वाटा इथेच मिळतो. फिल्ममेकर मोडची घोषणा यूएचडी अलायन्स या टीव्ही कंपन्या आणि स्टुडिओंच्या संघटनेने २०१९ मध्ये केली. त्यात पांढरा डी६५ वर येतो आणि चित्र गुळगुळीत करणारी, कडा धारदार करणारी प्रक्रिया बंद होते. ही गुळगुळीत करणारी सोय एलजीत 'ट्रूमोशन', सोनीत 'मोशनफ्लो', तर बऱ्याच स्वस्त टीव्हींत 'एमईएमसी' या नावाने बसलेली असते. तिच्यामुळे सेकंदाला २४ फ्रेमचा सिनेमा दैनंदिन मालिकेसारखा दिसू लागतो. टॉम क्रूझने तर डिसेंबर २०१८ मध्ये दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वॉरीला शेजारी उभं करून 'हे बंद करा' असं सांगणारा व्हिडिओ टाकला होता. क्रिकेटसाठी कोणाला थोडं स्मूदनिंग आवडत असेल तर माझी हरकत नाही. सिनेमाला मात्र नको.

जुन्या किंवा स्वस्त टीव्हीत फिल्ममेकर नसतो, 'मूव्ही' असतो. तिथे तीन गोष्टी हाताने करायच्या: रंगाचं तापमान 'वॉर्म' (दोन वॉर्म असतील तर सहसा 'वॉर्म २'), वीजबचत आणि उजेडाचा सेन्सर बंद, शार्पनेस खाली. शार्पनेसचं शून्य सगळीकडे शून्यावर नसतं. सॅमसंगमध्ये ते शून्यावर असतं, सोनीत ५० वर.

वॉर्म केल्यावर घरातलं कोणीतरी 'टीव्ही पिवळा पडलाय' म्हणणारच. चार-पाच दिवस तसाच राहू द्या, नजर बसते. गंमत अशी, की आपल्याकडे घरोघरी लागणारी 'कूल डेलाइट' ट्यूबलाइटसुद्धा ६५०० केल्व्हिनचीच असते. म्हणजे हा 'पिवळा' पांढरा ट्यूबलाइटच्या पांढऱ्याइतकाच आहे. आधीचा निळा होता.

पॅटर्न लावून नजरेने

हा पर्याय मला सगळ्यात किफायतशीर वाटतो. एव्हीएस एचडी ७०९ नावाचा पॅटर्नचा संच फुकट मिळतो. पेनड्राइव्हवर घालून टीव्हीला लावता येतो. दिवे मालवून 'ब्लॅक क्लिपिंग'चा पॅटर्न उघडा. काळ्या पडद्यावर उभ्या पट्ट्या लुकलुकतात आणि प्रत्येकीखाली आकडा असतो. हे आकडे उजेडाच्या शून्य ते २५५ या पायऱ्यांचे. व्हिडिओत काळा १६ वर सुरू होतो आणि पांढरा २३५ वर संपतो. म्हणून १६ पर्यंतच्या पट्ट्या पूर्ण गडप व्हायला हव्यात, १७ ची अगदी जेमतेम दिसायला हवी आणि पुढच्या हळूहळू स्पष्ट होत जायला हव्यात. १४-१५ सुद्धा लुकलुकत असतील तर काळा करडा झालाय. ब्राइटनेस एकेक घर खाली आणा. २२ पर्यंत काहीच दिसत नसेल तर रात्रीच्या प्रसंगांत काळे केस, काळा कोट आणि काळी भिंत एकच गोळा होऊन बसणार. ब्राइटनेस वर न्या.

इथे एक खाचखळगा आहे. बहुतेक टीव्हींत 'ब्राइटनेस' म्हणजे काळ्याची पातळी, आणि उजेडासाठी वेगळा 'बॅकलाइट' असतो. सोनीच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये मात्र ब्राइटनेस म्हणजेच उजेड, आणि काळ्यासाठी 'ब्लॅक लेव्हल'. नाव न बघता फिरवलंत तर पॅटर्न कधीच जुळणार नाही. बॅकलाइट खोलीप्रमाणे बिनधास्त कमी-जास्त करा, दिवसा एक आणि रात्री एक. त्याने रंग फारसे बिघडत नाहीत.

मग पांढऱ्याचा पॅटर्न. २३४ पर्यंतच्या पट्ट्या दिसेपर्यंत कॉन्ट्रास्ट उतरवायचा. कडा कापल्या जात असतील तर एलजीत 'जस्ट स्कॅन', सॅमसंगमध्ये 'फिट टू स्क्रीन' चालू करायचं. निळ्या काचेतून बघून रंग जुळवायची जुनी पद्धत आजच्या पॅनलवर भरवशाची नाही. कलर आणि टिंट मूव्ही मोडने दिलेल्या जागीच बरे.

सेट-टॉप बॉक्स किंवा लॅपटॉपवरूनच काळा करडा दिसत असेल, तर दोष पॅनलचा नसून एचडीएमआयच्या रेंजचा असतो. एक यंत्र १६ ते २३५ पाठवतं, दुसरं शून्य ते २५५ समजतं. दोन्हीकडे सारखं केलं की काम होतं. बऱ्याच टीव्हींत प्रत्येक इनपुटची, तशीच साध्या एचडीची, एचडीआरची (जास्त उजेड-अंधार दाखवणारा व्हिडिओ) आणि डॉल्बी व्हिजन या एचडीआरच्याच प्रकाराची सेटिंग्ज वेगळी साठतात. यूट्यूबवर सगळं जुळवून ठेवलंत तरी केबलचा इनपुट अजून व्हिव्हिडमध्येच असू शकतो.

नजरेने काय जमत नाही? पांढऱ्यातली बारीक लाल-हिरवी छटा. डोळा कोणत्याही पांढऱ्याला सरावतो, त्यामुळे ते काम यंत्राचंच. दुसऱ्याने इंटरनेटवर टाकलेले व्हाइट बॅलन्सचे (पांढऱ्यातलं लाल-हिरवं-निळं जुळवायचे) आकडेही उतरवून घेऊ नका. एकाच मॉडेलचे दोन पॅनल सारखे नसतात. मोड, गॅमा (काळ्या-पांढऱ्यामधल्या छटांचा उजेड), शार्पनेस यांची नक्कल चालते. आरजीबी गेनची, म्हणजे त्याच लाल-हिरव्या-निळ्याच्या आकड्यांची, नाही.

फोन

ॲपल टीव्ही या टीव्हीला जोडायच्या बॉक्समध्ये २०२१ पासून 'कलर बॅलन्स' आहे. फेस आयडीवाला आयफोन पडद्यासमोर धरला की काही क्षणांत छटा दुरुस्त होते. पण दुरुस्ती ॲपल टीव्हीच्या सिग्नलमध्ये होते, टीव्हीत नाही. सेट-टॉप बॉक्सवरचा सामना होता तसाच राहतो. डॉल्बी व्हिजन चालू असताना ही सोय मिळतही नाही. जवळ असेल तर वापरा, त्यासाठी काही विकत घेऊ नका.

मीटर की तज्ज्ञ

मीटर म्हणजे पडद्यावर टांगायचा कलरीमीटर. सोबत वापरायचं एचसीएफआर हे मोजणीचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पण चांगल्या मीटरची किंमत पाच आकड्यांत जाते. शिकायला दोन-तीन शनिवार-रविवार जातात, आणि ओएलईडी व क्वांटम डॉटच्या पॅनलसाठी योग्य करेक्शन फाइल (त्या प्रकारच्या पॅनलप्रमाणे मीटरचं माप दुरुस्त करणारी) निवडली नाही तर मीटरही चुकीचं सांगतो. फोटो एडिटिंग करत असाल तर घ्या, कारण तोच मीटर मॉनिटरलाही चालतो. एका टीव्हीसाठी त्यापेक्षा तज्ज्ञ परवडतो.

तज्ज्ञाला बोलवण्याआधी टीव्हीच्या मेनूत निदान दहा किंवा वीस बिंदूंचा (उजेडाच्या तितक्या पायऱ्यांवर वेगळा जुळवता येणारा) व्हाइट बॅलन्स आहे का ते बघा. स्वस्त टीव्हीत फिरवायला बटणंच नसतात, मग तो येऊन काय करणार? आयपीएस या प्रकारच्या एलसीडी पॅनलचा कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्याच्या उजेडाचं प्रमाण) १०००:१ च्या आसपास असतो, आणि त्याचा रात्री करडा दिसणारा काळा कोणीही सुधारू शकत नाही. तिथे तेवढ्याच पैशांत जाड पडदे आणि टीव्हीच्या मागे ६५०० केल्व्हिनची एलईडी पट्टी लावा, फरक जास्त दिसेल.

बोलवायचं ठरलंच तर टीव्ही शंभरेक तास चालल्यानंतर बोलवा. तो आयएसएफचं (इमेजिंग सायन्स फाउंडेशन) कॅलिब्रेशनचं प्रशिक्षण घेतलेला आहे का विचारा, आणि आधीचा-नंतरचा मोजणीचा रिपोर्ट मागा. त्यात डेल्टा ई, म्हणजे रंगातल्या चुकीचं माप, तीनच्या खाली आलेला हवा. त्याखालची चूक सहसा नजरेला कळत नाही. दिवसाचा आणि रात्रीचा असे दोन मोड, शिवाय एचडीआर वेगळं, एवढं फीमध्ये धरलंय का ते फोनवरच ठरवून घ्या. काम झाल्यावर मेनूच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. फॅक्टरी रीसेट केला किंवा बोर्ड बदलला की ते सगळे आकडे पुसले जातात.