टीजचं गणित आणि रीडिंग: पेड कोर्स, फ्री साइट्स आणि प्रॅक्टिस टेस्ट बरेच महिने वापरून झाल्यावर

अमेरिकेत येऊन नर्सिंगला जायचं ठरवलेल्या, भारतात कॉमर्स नाहीतर आर्ट्स केलेल्या आणि मधली बरीच वर्षं घर-मुलांत गेलेल्या आपल्या मराठी बायकांसाठी लिहितेय. इंग्लिशमधे रिव्ह्यूंचा ढीग आहे, पण मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला नेमकं कुठे अडतं हे त्यात सापडत नाही. मी न्यू जर्सीत राहते, कम्युनिटी कॉलेजच्या दोन वर्षांच्या आरएन (रजिस्टर्ड नर्स) प्रोग्रॅमसाठी टीज (TEAS), म्हणजे एटीआय कंपनीची नर्सिंगची प्रवेश परीक्षा, दिली आणि ॲडमिशन झाली. सायन्सबद्दल इथे लिहीत नाही, त्याची निम्मी तयारी ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीच्या क्लासमधे आपोआप होते.

माझं मत आधीच सांगते. गणितावर पैसे घालवायची गरज नाही, घालवायचेच असतील तर रीडिंगवर घालवा. बहुतेक जणी नेमकं उलटं करतात, कारण भीती गणिताची असते आणि रीडिंग काय, वाचायचंच तर आहे असं वाटतं.

परीक्षेचं स्वरूप थोडक्यात. सध्याची टीज ७ ही २०२२ पासून चालू आहे, एकूण १७० प्रश्न आणि २०९ मिनिटं. पहिला सेक्शन रीडिंगचा, ४५ प्रश्न ५५ मिनिटांत, मग गणित, ३८ प्रश्न ५७ मिनिटांत, त्यानंतर छोटा ब्रेक आणि मग सायन्स, इंग्लिश. १७० पैकी २० प्रश्नांचे मार्क धरतच नाहीत पण ते कोणते हे कळत नाही. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. काही प्रश्नांत एकापेक्षा जास्त उत्तरं बरोबर असतात आणि ती सगळी निवडली तरच मार्क, काहींत उत्तर स्वतः टाइप करायचं. आणि हो, टेक्सासमधली माझी चुलत बहीण हेसी ए२ (HESI A2) ही नर्सिंगचीच दुसरी प्रवेश परीक्षा देतेय, तिथे रोमन अंक, २४ तासांचं घड्याळ वगैरे गणितात येतं, त्यामुळे आपल्या कॉलेजला कुठली परीक्षा लागते ते आधी बघा, मगच मटेरियल घ्या.

आता गणित. पेड कोर्समधे (नाव लिहीत नाही, दर महिन्याला पैसे कापणारा एक ऑनलाइन कोर्स होता) गणिताचे व्हिडिओ खूप आहेत पण फार संथ, अपूर्णांकांची बेरीज शिकवायला वीस मिनिटं घेतात, आणि सरावाच्या काही प्रश्नांची उत्तरंच चुकीची दिली होती, ती कळवली तर आलेलं उत्तर छापील होतं. तेच सगळं खान अकॅडमीवर फुकट आहे आणि जास्त चांगलं आहे, टक्केवारी, गुणोत्तर-प्रमाण, साधी समीकरणं, आलेख वाचणं एवढं ओळीने करा. पाढे पाठ असतील तर तुम्ही अर्धी लढाई जिंकलेली आहे, खरंच सांगते, इथली पोरं सात आठ छप्पन्नला कॅल्क्युलेटर उघडतात. परीक्षेत स्क्रीनवर कॅल्क्युलेटर मिळतो पण फक्त बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकाराचा, स्वतःचा नेता येत नाही. त्यामुळे क्रियांचा क्रम डोक्यात पक्का हवा. आपण शाळेत कंचेभागुबेव पाठ केलंय, त्यात एक गोष्ट नीट समजून घ्या, भागाकार आणि गुणाकार एकाच पायरीवर असतात आणि डावीकडून जे आधी येईल ते आधी, बेरीज-वजाबाकीचंही तसंच. १० − ४ + ३ म्हणजे ९, बेरीज आधी धरली तर ३ येईल, आणि पर्यायांत ३ हमखास दिलेला असतो.

आपल्याला खरं अडतं ते मापांत. ग्रॅम-किलो, मिली-लिटर आपल्या हाडात आहे, पण औंस, पाउंड, पाइंट, क्वार्ट ही मंडळी डोक्यात बसायला वेळ लागतो. मी फ्रिजवर कागद चिकटवला होता: १६ औंस म्हणजे १ पाउंड, २ कप म्हणजे १ पाइंट, २ पाइंट म्हणजे १ क्वार्ट, ४ क्वार्ट म्हणजे १ गॅलन, १ इंच म्हणजे २.५४ सेंमी, १ किलो म्हणजे साधारण २.२ पाउंड, १ टीस्पून ५ मिली आणि १ टेबलस्पून १५ मिली. नुसतं पाठ करून उपयोग नाही, गणितात वापरायला लागलं की बसतं. एक नमुना देते, मीच केलेला, सरावापुरता. मुलाचं वजन ४४ पाउंड, औषध किलोमागे १५ मिग्रॅ द्यायचंय, सिरपच्या ५ मिलीत १६० मिग्रॅ आहे, तर किती मिली द्यायचं? ४४ भागिले २.२ म्हणजे २० किलो, गुणिले १५ म्हणजे ३०० मिग्रॅ, आणि ३०० भागिले १६० गुणिले ५ म्हणजे ९.३७५, म्हणजे साधारण ९.४ मिली. प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहायचं आणि वरचं-खालचं एकक कापत जायचं, ही सवय लावूनच घ्या. टीजमधे याहून सोपं येतं, पण नर्सिंग चालू झाल्यावर डोसेज कॅल्क्युलेशनची परीक्षा असते आणि बऱ्याच कॉलेजांत तिला ९०% किंवा त्याहून जास्त लागतात. तिथे दशांश चिन्ह एक घर सरकलं की डोस दहापट होतो. हे गणित मला मनापासून महत्त्वाचं वाटतं, नुसतं पास होण्यापुरतं नाही.

टक्केवारीतली एक जागा लक्षात ठेवा. पेशंट ८० वरून १०० झाले तर वाढ २५%, पण १०० वरून परत ८० झाले तर घट २०%. भागायचं नेहमी आधीच्या आकड्याने. हा प्रश्न रूप बदलून परत परत येतो.

रीडिंगवर जरा सविस्तर लिहिते, कारण चांगल्या शिकलेल्या, इंग्लिश रोज वापरणाऱ्या बायकांचे मार्क इथेच जातात. आपल्याकडे उताऱ्यावरचे प्रश्न म्हणजे ओळ शोधायची आणि उतरवायची. इथे ओळ सापडत नाही, तिच्यावरून काय म्हणता येतं ते विचारतात, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय म्हणता येत नाही. उदाहरण माझंच: एका दवाखान्याने अपॉइंटमेंटची आठवण फोनऐवजी मेसेजने करायला सुरुवात केली, त्याच महिन्यात संध्याकाळची वेळही वाढवली, पुढच्या तीन महिन्यांत गैरहजर राहणारे पेशंट कमी झाले. यावरून काय निष्कर्ष निघतो? पर्याय: मेसेजमुळे पेशंट यायला लागले, दोन्ही बदलांनंतर गैरहजेरी घटली, वयस्कर लोकांना मेसेज आवडत नाहीत, फोन करून कधीच उपयोग होत नाही. हात पहिल्या पर्यायाकडे जातो, पण बदल दोन झालेत, कशामुळे फरक पडला हे उताऱ्यात नाही. तिसरा आपल्या घरातल्या अनुभवाने खरा वाटेल, पण वयस्करांचा विषयच निघालेला नाही. चौथ्यात 'कधीच' आहे, असले टोकाचे शब्द दिसले की सावध व्हायचं. राहिला दुसरा. प्रत्येक पर्यायाला हेच विचारत जायचं, हे उताऱ्यात आहे का माझ्या डोक्यात आहे?

विषय आणि मुख्य मुद्दा यातला फरकही विचारतात. विषय दोन-तीन शब्दांत बसतो, मुख्य मुद्दा पूर्ण वाक्यात सांगावा लागतो. यासाठी मला सगळ्यात उपयोगी पडलं ते मेडलाइनप्लस, नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची फुकट साइट. लेकीच्या स्विमिंगच्या वेळी बाकावर बसून एक पान वाचायचं आणि मुख्य मुद्दा वहीत मराठीत एका वाक्यात लिहायचा. मराठीत लिहिताना इंग्लिश शब्द जसेच्या तसे उचलता येत नाहीत, समजलं नसेल तर वाक्यच होत नाही.

पेड कोर्सला इथे मात्र मी चांगलं म्हणेन. रीडिंगच्या प्रत्येक प्रश्नाखाली चारही पर्याय का बरोबर, का चूक हे लिहिलेलं होतं, आणि लेखकाचा हेतू, मत की वस्तुस्थिती, नकाशा-तक्ता वाचणं असे प्रकार पाडून सराव देत होते. एक-दोन महिने त्यासाठी घ्यायला हरकत नाही, वर्षाचं पॅकेज घेऊ नका. सूचना पाळायचे प्रश्नही तिथे होते, पहिलं अक्षर काढा, शेवटचं पुढे आणा असले. ते तोंडी करू नका, प्रत्येक पायरी कागदावर लिहा. एका प्रश्नाला सव्वा मिनिटाहूनही कमी वेळ मिळतो, म्हणून आधी प्रश्न वाचायचा, मग उतारा.

एटीआयच्या स्वतःच्या प्रॅक्टिस टेस्ट विकत घ्यायच्याच, त्यात कंजूसी नको. भाषेचा बाज आणि पर्यायांची ठेवण खऱ्या परीक्षेच्या सगळ्यात जवळ तिथेच आहे, आणि शेवटी कुठले टॉपिक परत करायचे त्याची यादी येते. फक्त त्या सुरुवातीलाच संपवू नका. एक अगदी आधी द्या म्हणजे कुठे आहोत ते कळेल, बाकीच्या शेवटच्या महिन्यासाठी ठेवा, आणि घड्याळ लावून सलग द्या, मधे उठून कुकर बंद करायला जायचं नाही. नवरा किंवा सासूबाई मुलांना साडेतीन तास बघू शकत असतील तर उत्तम, नाहीतर काउंटी लायब्ररीत स्टडी रूम फुकट मिळते, मी तिथेच द्यायचे. टीजच्या तयारीची पुस्तकंही तिथे असतात, फक्त कव्हरवर सातवं व्हर्जन आहे ना ते बघून घ्या, जुन्या व्हर्जनची पुस्तकं अजून शेल्फवर दिसतात आणि त्यात नव्या प्रकारचे प्रश्न नाहीत.

फी भरायच्या आधी कॉलेजच्या नर्सिंग ऑफिसला मेल करून तीन गोष्टी लेखी मागून घ्या: किमान स्कोअर एकूण बघतात की प्रत्येक सेक्शनचा वेगळा, वर्षात किती वेळा देता येते, आणि जुना स्कोअर किती काळ चालतो. प्रत्येक कॉलेजचं वेगळं असतं. कोणाला मापांचा तो फ्रिजवरचा कागद हवा असेल तर सांगा, फोटो काढून टाकते.