घर शिफ्ट करताना मधल्या दिवसांचं नेट: हॉटस्पॉट, डोंगल, एअरफायबर की लोकल केबलवाला?

पुण्या-मुंबईत घर शिफ्ट करताय आणि घरात कोणाचं वर्क फ्रॉम होम आहे किंवा मुलांचे ऑनलाइन क्लास आहेत, तर पर्याय बघायच्या आधी एक फोन करा. आत्ता ज्या कंपनीचं फायबर आहे त्यांना नवीन पत्ता पिनकोडसकट द्या आणि विचारा की तिथे फिजिबल आहे का, आणि शिफ्टिंगला किती दिवस धरायचे. सगळं त्यावरच आहे, चार-पाच दिवसांचा गॅप असेल तर एक उत्तर आणि तीन आठवडे किंवा "सर आत्ता सांगता येणार नाही" असं असेल तर पूर्ण वेगळं. आणि एरियात सर्व्हिस आहे म्हणजे तुमच्या बिल्डिंगमध्ये आहे असं नसतं, खूप सोसायट्यांमध्ये एक-दोनच कंपन्यांची वायर आत आलेली असते, कॉल सेंटरला ते माहीत नसतं पण वॉचमनला किंवा सेक्रेटरीला पक्कं माहीत असतं.

दुसरं म्हणजे कागद. भाड्याचं घर असेल तर नवीन कनेक्शनला पत्त्याचा पुरावा म्हणून बहुतेक वेळा लिव्ह अँड लायसन्स (भाडेकरार)च मागतात. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे ते रजिस्टर करणं बंधनकारकच आहे, तेव्हा एजंटच्या मागे लागून बायोमेट्रिक लवकर उरकून घ्या आणि रजिस्टर्ड कॉपीची पीडीएफ फोनमध्ये ठेवा, नाहीतर घर मिळालंय, वायर दारापर्यंत आलीये आणि केवायसी अडकलंय असं होऊन बसतं.

आता पर्याय.

मोबाईल हॉटस्पॉट. आठवड्याच्या आत फायबर येणार असेल तर मी डोळे झाकून हाच सांगेन, पण नीट सेट केला तर. जुलै २०२४ च्या दरवाढीपासून जिओ आणि एअरटेल दोघांकडेही अनलिमिटेड ५जी साधारणपणे रोज २ जीबी किंवा त्यावरच्या रिचार्जवर मिळतं, तुमचा प्लॅन रोज दीड जीबीचा असेल तर शिफ्टिंगच्या महिन्यापुरता वरचा मारा, थोडे पैसे जास्त जातील पण मधल्या काळातला सगळ्यात स्वस्त उपाय तोच आहे. यात अडचण एकच, घरात ५जी येतं का. दोन्ही कंपन्यांचं ५जी मुख्यतः ३५०० मेगाहर्ट्झवर चालतं, वेग भरपूर पण भिंतीतून आत येताना दम तुटतो. जिओकडे ७०० मेगाहर्ट्झ पण आहे (२०२२ च्या लिलावात तो बँड फक्त त्यांनीच घेतला), तो आतल्या खोल्यांपर्यंत चांगला पोचतो, पण त्यावर वेग तेवढा नसतो. त्यामुळे किल्ली मिळाली की सामान जायच्या आधी दोन्ही कंपन्यांची सिम असलेले फोन घेऊन जा आणि जिथे कामाचं टेबल लागणार आहे त्या खोलीत, दारं-खिडक्या बंद करून, संध्याकाळी आठ-नऊच्या सुमारास स्पीड बघा. सकाळी अकराला बाल्कनीत उभं राहून बघितलेल्या स्पीडचा काही उपयोग नाही. अपलोड पण बघा, मीटिंगमध्ये आवाज तुटतो तो जास्त करून अपलोडमुळे.

हॉटस्पॉटची खरी मर्यादा स्पीड नाहीये, फोन तुमच्याबरोबर बाहेर जातो ही आहे. तुम्ही बँकेत गेलात की घरात मुलाचा क्लास बंद, आई-बाबांचा टीव्ही बंद, आणि नवीन घरात पहिल्या आठवड्यात सारखं बाहेर जावं लागतंच. म्हणून घरातला एखादा जुना ५जी फोन असेल तर त्यात वेगळं सिम टाकून तो खिडकीजवळ घरातच ठेवून द्या. सिम शक्यतो तुमच्या नेहमीच्या नंबरपेक्षा दुसऱ्या कंपनीचं घ्या म्हणजे एक टॉवर गंडला तरी दुसरं चालू. आधार दाखवून नवीन सिम साधारण त्याच दिवशी चालू होतं. लॅपटॉपला फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग केलंत तर वायफाय हॉटस्पॉटपेक्षा फोन कमी तापतो आणि चार्जिंगही होत राहतं. विंडोजमध्ये ते कनेक्शन मीटर्ड (म्हणजे डेटा जपून वापरायचं) करून ठेवा, नाहीतर नेमकं मीटिंगच्या वेळी अपडेट उतरायला लागतात.

डोंगल, पॉकेट वायफाय, सिमवाला राउटर. इथे खूप जण फसतात म्हणून स्पष्ट लिहितो. बाजारात स्वस्तात जे मिळतं ते बहुतेक ४जी असतं, आणि ५जी अनलिमिटेड हे ५जी डिव्हाइसवरच लागू होतं. म्हणजे तेच सिम जिओफायमध्ये (जिओचं ४जी पॉकेट वायफाय) किंवा साध्या ४जी राउटरमध्ये घातलं की तुम्ही परत रोजच्या २ जीबीवर आलात. आता हिशेब करा, व्हिडिओ कॉलला दोन्ही बाजूंचं मिळून २ एमबीपीएस धरलं तरी तासाला ९०० एमबी होतात, एचडीमध्ये नेटफ्लिक्स लावलं तर तासाला ३ जीबीपर्यंत जातात. जेवायच्या आधी कोटा संपतो आणि मग ६४ केबीपीएस, त्यात व्हॉट्सअपचा फोटोसुद्धा धड उघडत नाही. टॉप-अप मारत बसलात तर महिन्याच्या फायबरएवढे पैसे सहज जातील. घरात आधीच पडलेलं असेल तर वापरा, घरात आत ४जीच येत असेल तरी वापरा, पण फक्त गॅपसाठी विकत घेऊ नका.

एअरफायबर. २०२३ मध्ये दोन्ही कंपन्यांनी आणलं, एअरटेलने ऑगस्टमध्ये दिल्ली-मुंबईत आणि जिओने गणेश चतुर्थीला आठ शहरांत, त्यात मुंबई आणि पुणे दोन्ही होतं. ५जी सिग्नल टेरेसवरच्या किंवा खिडकीबाहेरच्या अँटेनावर घ्यायचा आणि आत वायफाय राउटर, त्यामुळे भिंतीची अडचण बरीच सुटते आणि जिथे हॉटस्पॉट रडतो तिथे हे नीट चालू शकतं. महिन्याला १ टीबी डेटा म्हणजे अख्ख्या घराला पुरून उरेल. पण तात्पुरत्या वापरासाठी विचार करताना महिन्याचा आकडा बघू नका, आत शिरायचा आणि बाहेर पडायचा खर्च बघा. लाँचच्या वेळी जिओचा सुरुवातीचा प्लॅन ५९९ अधिक जीएसटी होता, वर १००० रुपये इन्स्टॉलेशन, आणि ते माफ व्हायचं ते वर्षाचं पॅक घेतलं तर. एअरटेलचं ७९९ महिना, पण सहा महिन्यांचं पॅक आणि वर डिपॉझिट. ऑफर सारख्या बदलतात, आज काय आहे ते विचाराच, पण प्रश्न हेच ठेवा: एक महिन्याचं मिळेल का, इन्स्टॉलेशन किती, डिपॉझिट परत कधी, बॉक्स न्यायला कोण येणार. महिनाभराचा गॅप असेल तरच हे परवडतं. आणि टेरेसवर अँटेना लावायला सोसायटीची परवानगी लागते, नवीन भाडेकरूला पहिल्याच दिवशी सेक्रेटरीशी वाद घालायला लागू नये म्हणून ती आधीच घेऊन ठेवा.

लोकल केबलवाला. लोक याला शेवटी ठेवतात, मी तीन आठवड्यांच्या पुढच्या गॅपसाठी याला पहिला नंबर देईन. वायर बिल्डिंगमध्ये आधीच असते, माणूस दोन गल्ल्या सोडून राहतो, आणि फोन केला तर बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी येऊन कनेक्शन देऊन जातो. आधीच्या भाडेकरूला किंवा मालकाला विचारा की कोणाचं नेट होतं, घरात फायबरचा तुकडा लटकत असेल किंवा भिंतीवर ओएनटीचा डबा (ज्यात फायबरची वायर येऊन लागते तो) असेल तर अर्धं काम झालेलंच आहे. डब्यावर एलओएसचा (सिग्नल येत नसल्याचा) लाल लाईट लागला असेल तर वायर कुठेतरी तुटलीये, त्यालाच सांगा. तो सहा महिन्यांचं पॅक गळ्यात मारायला बघेल, "आधी एक महिना घेतो, चाललं तर वाढवतो" एवढं शांतपणे सांगा, बहुतेक मान्य करतात. राउटर तुमचा जुना वापरा, तो टेम्पोत न टाकता स्वतःच्या बॅगेत न्या. ऑफिसचं व्हीपीएन किंवा घरचा सीसीटीव्ही बाहेरून बघायचा असेल तर मात्र पब्लिक आयपी (बाहेरून थेट पोचता येईल असा तुमच्या कनेक्शनचा स्वतःचा इंटरनेट पत्ता) मिळतो का ते विचारा. मोबाईल नेटवर तर तो साधारणपणे मिळतच नाही, तेव्हा व्हीपीएनचा त्रास हॉटस्पॉटवरही होऊ शकतो, आधीच एकदा लॉगिन करून बघा.

को-वर्किंगचा डे पास एखाद्या महत्त्वाच्या दिवसासाठी ठीक, जसं की क्लायंटचं प्रेझेंटेशन. पेठांमधल्या अभ्यासिकांमध्ये वायफाय असतं आणि स्वस्त असतं पण तिथे कॉलवर बोलता येत नाही, आणि बोलूही नये, शेजारी एमपीएससीचा अभ्यास चाललेला असतो.

पुण्यात दुरुस्तीच्या कामांसाठी गुरुवारी लाईट जाते, ते पण धरून चाला. फायबर असो की एअरफायबर, लाईट गेली की राउटर बंद, फोनचा हॉटस्पॉट तेवढा चालू राहतो, म्हणून दुसरं काहीही घेतलं तरी ते ५जी सिम महिनाभर चालू ठेवा. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, ज्येष्ठ माणसं घरात असतील तर तो घेऊनच टाका, व्हिडिओ कॉल मध्येच बंद पडला की ती घाबरतात.

जुन्या घरातलं कनेक्शन सामान हलवलं त्याच दिवशी बंद करू नका. नवीन घरात नेट चालू झालं, दोन दिवस नीट चाललं, की मग बंद करायची रिक्वेस्ट टाका, तोपर्यंत जुन्या घराची किल्ली तुमच्याकडे असेल तर एखादी अवघड मीटिंग तिथे जाऊनही करता येते. राउटर आणि ओएनटी परत देताना डब्यावरच्या सिरियल नंबरचा फोटो काढा, घ्यायला आलेल्या माणसाकडून पावती किंवा कंपनीचा एसएमएस आल्याशिवाय डबा हातातून सोडू नका आणि डिपॉझिट कुठल्या खात्यात येणार ते तेव्हाच लिहून घ्या.